ठिपक्याची गोगलगाय

"विषारी औषध माझ्या वाफ्यात नाही म्हणजे नाही!" असं बजावून खातू मास्तरांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पालकाशेजारी पसरलं. सकाळी त्याखाली वीस गोगलगायी जमल्या होत्या. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्या अलगद भिंतीपलीकडे, पाथऱ्यांच्या बागेत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. तिसऱ्या दिवशीही वीसच.

"अहो, त्याच परत येत असतील," बायको म्हणाली. मास्तरांनी तिचं नेलपॉलिश घेतलं आणि एकीच्या पाठीवर लाल ठिपका देऊन तिला पलीकडे धाडलं.

भिंतीपाशी पाथरे तंबाखूला चुना लावत उभे होते. "आमच्याकडेही औषध नाही, पण गोगलगाय एकसुद्धा नाही हो!"

मास्तर जळफळले.

सकाळी गोणपाट उचललं, तर तीच गोगलगाय! लाल ठिपक्याशेजारी चुन्याचा पांढरा ठिपका.

"हा पाथरे म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय!" मास्तर उसळले.

"आणि तुम्ही?" बायकोनं विचारलं.

गोगलगाय तळहातावर घेऊन मास्तर तणतणत भिंतीपाशी गेले. पाथऱ्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थबकला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे बाग आहे का हो?"