फळीखालची चाळिशी

“आता चष्म्यांनाही पाय फुटायला लागले!” सीट बसवणारी ताई कुरकुरली. नव्याकोऱ्या दुमजली विमानातला दिवा लागेना म्हणून तिने पायाखालची फळी उचलली, तर खाली चष्मा! पहिलंवहिलं धूड न्यायला विमानकंपनीची माणसं बाहेर ताटकळत होती. कारखान्यातल्या पोरापोरींनी चष्मा नाकावर चढवून पाहिला, सगळ्यांनाच धूसर. म्हणजे चाळिशीच. पण इथे पन्नाशी उलटलेले एकटे तपासनीस काकाच, आणि त्यांनी चष्मा कधी कबूल केलाच नव्हता. “माझे डोळे घारीचे,” असं ते सांगत, कागद मात्र हातभर लांब धरत. ताई चक्रावली. त्यांचाच असेल, तर? फळी बंद होऊन आठ दिवस झाले. तेव्हापासून काकांनी तपासलं कसं? तिने चष्मा काकांपुढे धरला. शेवटी काकांनी खिशातलं पेन तिच्या हातात ठेवलं. “पोरी, विमान थांबव. आठ दिवस मी अंदाजानेच सह्या केल्यात.”