पटाचा बॅनर

सोजराबाईंनी निवेदनाचा कागद पुढे सरकवला आणि शंकरपट संघाच्या अकराच्या अकरा माणसांना एकदम खोकल्याची उबळ आली.

बैठक सोनाळ्याला, अध्यक्ष इंद्रभानजींच्या ओसरीत भरली होती. बारा गावांत बैलजोड्यांच्या शर्यती, म्हणजे पट, भरवणारा हा संघ. एकेका पटाला दहा हजार माणूस जमतं, त्यामुळे संघाचा फोन आला की पुढारी पहिल्या रिंगला उचलतात. हेच हेरून विधवा बायांसाठी झटणाऱ्या सोजराबाई वरवट बकालहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या.

"कागद साधा हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "नवरा मेला म्हनून बाईचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नये, तिले पूजेतून उठवू नये, असा कायदा करा म्हनून सरकारले निवेदन जाऊन राह्यलं. त्यावर संघाचा शिक्का पाह्यजे."

हिंमतराव संघाचे चिटणीस. माणूस नियमाचा पक्का आणि तोंडाचा गोड.

"ताई, मागनी चांगली हाय. पन आमी खेळवाले. समाजाच्या कायद्यात खेळ एकदा पडला का मंग थांबत नाई. आज तुमी आल्या, उद्या दारूबंदीवाले येतीन, परवा आनखी कोनी. बारा गावाचे बारा मतं. संघ फुटंन."

"बैलाइसाठी, बंदी उठवाले, पडले होते ना कायद्यात?"

"ते आमच्या खेळाचं होतं."

"मोर्च्याच्या भाकरी आमी थापल्या. तवा कोनी नाई म्हनलं, का बाया खेळवाल्या नाईत म्हनून."

पुन्हा खोकला.

हिंमतरावांचं इंद्रभानजींना पटत होतं, हीच तर पंचाईत होती. पटात हरलेला माणूस जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो, कारण तिथं सेकंदाशिवाय दुसरं काही मोजत नाहीत. ना जात, ना पक्ष. चाळीस वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं. त्यात बाहेरची भांडणं घुसली तर उरलं काय? पण दाराआड आपली सून छाया उभी आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

जीवनला, त्यांच्या मुलाला, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरच्या बैलजोडीची वैरण, पाणी, अंग चोळणं, सगळं छायाच करत होती. बैल दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नव्हते. आणि गेल्या वर्षी जोडी पटाला निघाली, ओवाळायची वेळ आली, तेव्हा "तू आत जाय" असं तिला सांगितलं होतं ते इंद्रभानजींनीच. ती मुकाट्यानं आत गेली होती. तेच त्यांना सलत होतं.

"मी बोलू का, मामाजी?" डोक्यावरचा पदर सावरत छाया ओसरीत आली.

त्यांनी मान हलवली.

तिनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. यंदाच्या पटाचा बॅनर कालच छापून आला होता आणि कोणीतरी तो तिथं टांगला होता. त्यावर हिरव्या लुगड्यातली, कपाळभर कुंकू ल्यालेली छाया बैलजोडीला ओवाळत होती. शर्यतींवरची बंदी उठवा म्हणून सरकारकडे कागद गेले, तेव्हा जीवन असतानाचा हाच फोटो त्यांना जोडला होता. बघा, आमच्या लेकीसुना बैलांना कसा जीव लावतात! बंदी उठली, फोटो दरवर्षी बॅनरवर येत राहिला. तो कोणाचा आहे हे बघायचंही लोकांनी सोडून दिलं होतं.

"बैलाच्या कायद्यासाठी मले पुढं केलं," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "अजून बी गावोगावी मीच ओवाळून राह्यली. मंग दारातल्या जोडीले मी ओवाळलेलं काऊन चालत नाई?"

इंद्रभानजींना वर बघवेना. त्यांना लाज वाटली, सरळसरळ लाज.

हिंमतरावांना मात्र वाट सापडली. "पोरीचं बराबर हाय," ते म्हणाले. "हे आपलं चुकलंच. दोन वर्षाअगोदरच ध्यानात याले पाह्यजे होतं. फोटो बदलून टाकू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हो, हो, बदलू की. एवढंच ना! कोणी म्हणालं, मान अध्यक्षांच्याच घरी राहू द्या, वहिनींचा, सरस्वतीबाईंचा फोटो लावू. हिंमतरावांनी ठरावाच्या वहीत लिहायला सुरुवातही केली. सोजराबाईंचा कागद वहीखाली गेला. छाया होती तिथंच उभी राहिली.

"सरस्वतीचा लावा," इंद्रभानजी हळूच बोलले. त्यांची बायको तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. आपलं नाव ऐकून ती थबकली. "पन हिंमतराव, माह्यं वय एकाहत्तर हाय. मी गेलो का हिचाही फोटो उतरवसान ना?"

हिंमतरावांचं पेन थांबलं. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. पण सरस्वतीबाई समोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळाकडे बघत "हो" म्हणायला त्या ओसरीत कोणाचीच जीभ उचलेना.