चाकाखालचं लिंबू

"आजच घ्या, दसऱ्यानंतर किंमत वाढेल," शोरूममधला सेल्समन तिसऱ्यांदा म्हणाला आणि माझा संशय पक्का झाला. नव्या पिकअपच्या दारावर टकटक केलं, बॉनेटखाली नाक खुपसलं. खोट सापडेना.

"थांबू दसऱ्यापर्यंत," मी म्हटलं.

बायको शालन भडकली. "गेल्या लग्नसराईत आपल्या टेम्पोनं घाटात मान टाकली. नवरदेव दारात आणि मांडव घाटात. आणखी एकदा असं झालं, तर मांडवाचा धंदा गुंडाळा."

घेऊ म्हणालो.

सेल्समननं लगेच हार-नारळ आणला. "कालच कंपनीतून आलीय, वहिनी. रस्तासुद्धा पाहिलेला नाही हिनं."

शालननं घरूनच आणलेलं लिंबू पिशवीतून काढलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवायला वाकली. बराच वेळ उठेना. मग टायरच्या खाचेत नख घालून तिनं काहीतरी उकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाची चिरडलेली साल होती, वाळून कडक झालेली.

शालननं आपलं लिंबू परत पिशवीत टाकलं.

"हिची पूजा झालीय, भाऊ," ती सेल्समनला म्हणाली. "ज्यानं केली, त्याचा नंबर द्या. गाडी परत का केली, तेवढं विचारायचंय."