अप्पांचं म्हणणं

"काय म्हणतायत अप्पा?" नणंदेनं खुर्ची पलंगाजवळ ओढत विचारलं.

सूनबाईनं अक्षरांचा पुठ्ठा सासऱ्यांसमोर धरला आणि ओळींवरून बोट फिरवायला लागली. हव्या त्या अक्षरावर बोट आलं की अप्पा पापण्या मिटत. झटका आल्यापासून सबंध देहात तेवढंच शाबूत होतं, डोळे, पापण्या आणि डोकं. डोकं तर पहिल्यापेक्षा तल्लख झालं होतं.

अप्पांनी एकेक अक्षर जुळवून सांगितलं, 'सून आळशी आहे. मला कुशीवर उशिरा वळवते.'

"म्हणतायत," सूनबाई म्हणाली, "पोरी, तुला आजवर फार टाकून बोललो. माफ कर मला."

नणंदेला हुंदका आवरेना. अप्पांचे डोळे लाल झाले, भरून आले. "बघ ना वहिनी, रडतायत," म्हणत तिनं ते पुसले. अप्पा का रडतायत हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

पुठ्ठा वाचायला कुणालाही आलं असतं. थोरल्यानं, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्यानं, एकदा करून पाहिलं. 'पंखा' एवढ्या शब्दाला वीस मिनिटं लागली, मग त्याला ऑफिसची आठवण झाली. नणंदेचं म्हणे डोकं दुखायचं. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी आहे ना." वहिनी होतीच. दहा वर्षं ती होतीच.

त्याआधी ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. चार माणसं तिच्या हाताखाली काम करत. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि अप्पा म्हणाले, "घरात सून असताना बाहेरची बाई कशाला?" राजीनामा अप्पांनीच लिहून आणला, मोत्यासारख्या अक्षरात. 'कुटुंबाची सेवा करण्याच्या तीव्र इच्छेने' असं त्यात होतं. तिची फक्त सही होती. सासूबाईंचं सात वर्षं केलं. त्या गेल्या, तिनं पुन्हा अर्ज करायला घेतला, आणि त्याच आठवड्यात अप्पा न्हाणीघरात कोसळले.

सुरुवातीला ती पुठ्ठा इमानेइतबारे वाचायची. त्यातून तिला रोज शिव्याच मिळायच्या, अक्षर अक्षर लावून, तिच्याच बोटानं. मग एके दिवशी तिनं अप्पांच्या तोंडी आपलं वाक्य घातलं. कुणाला संशयही आला नाही. तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

मग काय, जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस आठवड्यातून दोनदा माफी मागू लागला. धाकट्याचं ठरत आलेलं लग्न मोडल्याबद्दल मागितली. शेजाऱ्यांशी कुंपणावरून भांडल्याबद्दल मागितली. शेजारी तर गहिवरून पाया पडून गेले. अप्पा पापण्यांची नुसती फडफड करत आणि ती शांतपणे म्हणे, "आता दमलेत ते." घरादारात अप्पांचा लौकिक इतका वाढला, की त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हे सगळं पक्कं झाल्यावर तिनं मुख्य वाक्य काढलं.

"म्हणतायत, मला शुश्रूषा केंद्रात ठेवा. सूनबाईला तिची नोकरी करू द्या. तिचं आयुष्य मी खाल्लं."

नवरा म्हणाला, "अप्पांनी सांगितलं म्हणजे सांगितलं." केंद्रात जागा मिळाली. जुन्या साहेबांनी तिला एक तारखेला हजर व्हायला सांगितलं. तिनं पांढरा कोट धुऊन इस्त्री केला आणि अप्पांना दिसेल असा समोरच्या खुंटीला लावला. मुद्दामच लावला.

केंद्रात दाखल होण्याआधी तिथली थेरपिस्ट घरी आली. तिच्या पिशवीत एक इलेक्ट्रॉनिक पाटी होती. पाटीवरच्या अक्षरांकडे पेशंटनं नुसतं बघायचं, वाक्य झालं की पाटी ते बोलून दाखवते. "आमच्याकडे सगळ्यांना देतो," ती म्हणाली.

सूनबाई घाईनं म्हणाली, "त्यांना झेपायचं नाही हो."

"आठ दिवसांत जमेल. तुम्ही तेवढ्या बाहेर थांबा. घरचं माणूस शेजारी असलं की पेशंट कष्ट घेत नाहीत."

आठ दिवस ती बंद दाराबाहेर बसून राहिली. आतून तुटक अक्षरं ऐकू येत, मग शब्द येऊ लागले. तिनं दोनदा नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं ठरवलं आणि दोनदा गिळून टाकलं. हाकलून देतील. देतील तर देवोत, पण नोकरीवर मी जाणारच.

रविवारी सगळे जमले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पाटीतून सपाट, परका आवाज आला.

"सूनबाईनं वाचलं ते सगळं माझंच. शब्द न शब्द."

तिला आधी कळेचना. मग डोळे भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला त्या म्हाताऱ्यापुढे लाज वाटली, स्वतःचीच. नणंद तर मुसमुसतच होती.

"अजून एक राहिलं," पाटी म्हणाली. अप्पांची नजर अक्षरांवरून सावकाश फिरत होती. त्यांना कसलीच घाई नव्हती. "काल ती माझ्या उशाशी रडली. म्हणाली, तुम्हाला केंद्रात पाठवून माझं मन नोकरीत रमायचं नाही. तुमचं शेवटपर्यंत मीच करीन."

"अगं, मग बोलायचंस ना," नवरा म्हणाला. साहेबांना कळवायला त्यानं खिशातून फोन काढला. सूनबाईचं तोंड उघडलं, पण त्याआधीच पाटी बोलली.

"ती आता नाही म्हणेल. संकोची आहे. म्हणून तिच्या मनातलं मी सांगतोय."