चुड्याचं माप

तुकोजी कासाराने यशोधराचा उजवा हात तळव्यात घेतला आणि तिने मान भिंतीकडे वळवली. उद्या लग्न. नवरीला चुडा भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर अपशकुन. आपल्या हातावर ती वाढणारच, याची तिला खात्री होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणणाऱ्यांनी यशोधराला पाहिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बघायला आलेली मुलाची आई कौतुकाने म्हणाली होती, "मुलगी अंगाने चांगली भरलेली आहे." मुलगा भोपाळच्या नव्या सचिवालयात. घरात पेढे वाटले गेले, आणि यशोधरा त्या दिवसापासून ताट चिवडू लागली. आईला, भानुमतीबाईंना, वाटलं, लाजते. मग वाटलं, माहेर सुटणार म्हणून झुरते. पोरीचे गाल बसले तरी भानुमतीबाई रुखवताच्या लाडवांतच गुंतलेल्या. यशोधराला मात्र आरशात रोज तीच जाडजूड बाई दिसे.

अलीकडे तर अंग आपलं वाटतच नसे. कुणीतरी सांभाळायला दिलेल्या गाठोड्यासारखं ती ते या खोलीतून त्या खोलीत नेई.

तुकोजी बांगडी घालून माप बघत नसे. हात दाबला की त्याला कळे. त्याने दाबला आणि बांगड्यांचा एक डबा बाजूला सारला. पुन्हा दाबला, दुसरा सारला. मग तिसरा. जमलेल्या बायकांची कुजबुज थांबली. यशोधराला वाटलं, एवढ्या मोठ्याही बसत नाहीत, सगळ्यांना कळलं. आता मेले तर बरं, असं तिला झालं.

"काय झालं, तुकोजी?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"बाईसाब, यातली एकही नी बैठणार. सगळ्या निकलून पडतील," तो हळूच म्हणाला. "बच्चियोंवाला डिब्बा खोलू का?"

यशोधराने वळून पाहिलं. कासाराच्या तळव्यावर कुणा लहान मुलीचा हात होता. नुसती हाडं, वर निळ्या शिरा. तिला त्या पोरीची फार दया आली. हिला घरी कुणी जेवायला वाढत नाही का, असं ती आईला विचारणारच होती.

तेवढ्यात तुकोजीने छोटी हिरवी बांगडी त्या बोटांवर चढवली आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं.

कळ यशोधराला आली.