बावीस नंबरची पोर

“सर, बावीस नंबर अडखळतोय. दोन मिनिटं आत सोडा मला.”

पर्यवेक्षकांनी परीक्षेच्या खोलीचं दार बोटभर उघडलं. “पेपर सुरू झालाय, मावशी. आता आत मुंगीसुद्धा जायची नाही. त्यातून तुमची लेक आत बसलीय. लोक काय म्हणतील?”

दार लागलं. शाळेचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मावशी, मुलांच्या भाषेत वायरवाल्या मावशी, शेजारच्या खोलीत परतल्या. तिथे स्विचची पेटी होती. आतल्या तीसही संगणकांच्या वायरी तिच्यात येत. कुठल्या नंबरच्या वायरीवरून किती माहिती गेली आणि किती वाटेत खराब होऊन पुन्हा पाठवावी लागली, हे मावशींना पडद्यावर दिसे.

एकवीस नंबरला त्यांची ठकी होती. तिच्यासमोर खराबीचा आकडा शून्य. बावीसला, तिच्या शेजारीच, चष्मेवाली. चष्मेवाली वर्गात कायम पहिली, ठकी कायम दुसरी. मोठ्या शाळेत फुकट शिकायची जागा एकच होती आणि ती या दोघींपैकी एकीलाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशींच्या मनात पाप डोकावलं. जाऊ दे ना. वायर काय आपण खराब केलीय? मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दहाव्या मिनिटाला पेटीवरचे एकवीस आणि बावीस, दोन्ही दिवे विझले. पण लगेच लागलेही. “ही मेली वीज!” त्या करवादल्या.

बावीसचा आकडा मात्र चढतच राहिला. चारशे. नऊशे. दोन हजार. एकेक प्रश्न उघडायला मिनिट मिनिट लागत असणार. दुसरं कुणी भोकाड पसरून बाहेर आलं असतं. इथे मात्र लाइन तुटे, जुळे, आणि जुळली की लगेच उत्तर पुढे जाई. पुन्हा तुटे, पुन्हा जाई.

मावशी खुर्चीच्या टोकावर आल्या. त्यांनी एकवीसकडे बघणंच सोडून दिलं.

“काय चिवट आहेस गं,” त्या पडद्यालाच म्हणाल्या. “हं, गेलं बघ उत्तर! धन्य तुझी आई!”

घंटा झाली. दार उघडताच मुलं भडाभडा बाहेर पडली. मावशींनी चष्मेवालीला गाठलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

“शाब्बास पोरी! सगळं पाहत होते मी. असल्या लाइनीवर तासभर तग धरलास. जागा तुलाच मिळायला हवी. आमची ठकी असती ना, तर कधीच हातपाय गाळून बसली असती.”

चष्मेवालीने मान खाली घातली.

“मी कुठे तग धरला, मावशी? मी तर रडायलाच लागले होते. मग ठकीनं बाकाखालून हात घालून आमच्या वायरींची अदलाबदल केली.”