नांगराचे वीस टक्के

"काका, चिलखत काढ. तुझा मांत्रिक परत फसणार," निमेश म्हणाला.

"नाय काढत," नवशा म्हणाला. "गुहेत गारठा हाय."

गुहा कागदावर होती. मांत्रिकही. दांडी गावातल्या त्या घरात खरं म्हणावं असं काही असेल, तर चटईवरचे दहा बाजूंचे दोन फासे आणि चहा.

मासेमारीला पावसाळी बंदी लागली, नवशाची बोट किनाऱ्यावर चढली आणि बोईसरच्या कारखान्यात नोकरीला असलेला पुतण्या हा खेळ घेऊन आला. एकाने गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिच्यात राहायचं. नवशाचा मांत्रिक डोंगराच्या पोटात अडकला होता. घरी नेणारा मंत्र लागला, की तो सुटला. खेळ खलास.

अडचण चिलखताची. निमेशने पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: मंत्राला हातवारे लागतात, लोखंडात हात अडकतात. म्हणून चिलखताचे शंभरात पस्तीस. फाशांवर पस्तीस किंवा त्याखाली पडलं, की मंत्र फुकट. एका रविवारी एकच प्रयत्न.

शहाणा माणूस चिलखत उतरवून मोकळा झाला असता. नवशाने दुसऱ्या रविवारी ढाल उचलली, तिचे पंधरा. तिसऱ्या रविवारी शिरस्त्राण, त्याचे दहा. कारण खेळ संपला, की निमेश कशाला येतोय? बायको, तानी, गेल्यापासून घरात आवाज करणारं दुसरं कोणी म्हणजे कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांपुढे बोलत नसे.

आज चौथा रविवार.

"कंबरेला नांगर बांधतो," नवशा म्हणाला. "बोटीचा."

"गुहेत नांगर?"

"वारा सुटला तर?"

निमेशने कपाळावर हात मारला. "काका, रूमवर चार मित्र माझी वाट बघतायत. मॅच आहे. संपवू या ना एकदाचं."

"नांगराचे किती, ते सांग."

निमेश थोडा वेळ छताकडे बघत राहिला. "वीस."

म्हणजे झाले ऐंशी. नवशाने फासे खुळखुळवून टाकले. दशकाचा फासा सातावर थांबला. एककाचा घरंगळत खाटेखाली गेला. निमेश त्याच्यामागे खाटेखाली शिरला.

"आठ," आतून आवाज आला. "अठ्ठ्याहत्तर. फसला."

"अरे देवा," नवशा जमेल तेवढ्या दुःखाने म्हणाला.

"पुढच्या रविवारी तरी ते भंगार उतरवून ये बाबा!" निमेशने चहा संपवला, आणखी एक मागून घेतला आणि पाच वाजता मॅच, मित्र असं पुटपुटत निघाला. खेळाचं इंग्रजी पुस्तक मात्र विसरला.

सोमवारी सकाळी नवशाने शेजारच्या उन्नतीला हाक मारली. ती कॉलेजात जायची, इंग्रजी वाचायची.

"पोरी, यात बघ जरा. नांगरापेक्षा जड काय घालता येतं? काल दोन आकड्यांनी वाचलो."

उन्नतीने पानं उलटली. मंत्रांचं प्रकरण बोट लावून वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"काका, चिलखत हाय. पण त्याला टक्के नायत."

"नीट बघ. पस्तीस असतील."

"नाय ओ. मंत्र फसायचं कुठं कायच लिवलेलं नाय. इथं सरळ हाय: मंत्र म्हटला, की लागला."